उत्तर ताजे की शिळे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी जूनमध्ये अण्णा एका दिवसाची मजुरी बुडवून माझ्याबरोबर प्रवेशासाठी आले होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. केंद्रावरच्या संगणकाने सांगितले, ‘जागा शिल्लक नाही.’ आम्ही परत निघालो, तोच खिडकीतल्या बाईंनी हाक मारली, “थांबा, हे मघाचंच दिसतंय. पुन्हा बघते.” पुन्हा पाहिले, तर दोन जागा होत्या! सकाळीच दोघांनी प्रवेश रद्द केले होते.

यंत्र खोटे का बोलले? पुढे संगणकाच्या प्रमाणपत्र वर्गात त्याचे एक संभाव्य कारण समजले. ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडतो.

माहितीचे कोठार म्हणजे डेटाबेस. आपला प्रोग्रॅम आणि हे कोठार यांच्यामध्ये कनेक्टर नावाचा निरोप्या असतो. तो प्रश्न नेतो, उत्तर आणतो. एकच प्रश्न शंभरदा आला, तर प्रत्येक वेळी कोठार धुंडाळणे खर्चिक. म्हणून काही कनेक्टर पहिले उत्तर आपोआप स्वतःजवळ ठेवतात आणि पुढच्यांना तेच देतात. या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. रोकडीशी त्याचा संबंध नाही. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला. यात वेळ वाचतो खरा. पण मध्यंतरी कोठारात बदल झाला, तर निरोप्याला ते कसे कळावे?

यावर निरनिराळे उपाय झाले. पीएचपी भाषेच्या मायएसक्यूएल कनेक्टरला अशा साठ्याची एक जोड होती. तिच्यात उत्तराचे आयुष्य, वेगळे न सांगितल्यास, ३० सेकंद असे. तेवढा वेळ शिळे उत्तर मिळू शके. ओरॅकलने २००७ च्या ११जी आवृत्तीत दुसरी युक्ती केली. कनेक्टर कोणत्याही कामाने कोठाराकडे गेला की काय बदलले याची खबर घेऊन येतो. ३ सेकंद फेरी झाली नाही, तर पुढच्या प्रश्नाआधी मुद्दाम फेरी मारतो.

मायएसक्यूएलने २००१ मध्ये साठा थेट कोठारातच ठेवला. तक्त्यातील एक ओळ जरी बदलली, तरी त्या तक्त्यावरची सर्व साठवलेली उत्तरे रद्द होत. शिळेपणा टळला, पण सतत बदलणाऱ्या तक्त्यांत ही झाडलोटच डोईजड झाली. अनेक कामे एकदम चालली की त्या एका साठ्यापाशी रांग लागे. अखेर २०१८ च्या ८.० आवृत्तीत ती सोय काढून टाकण्यात आली.

तात्पर्य, लक्षात ठेवणे सोपे. केव्हा विसरावे हे कळणे कठीण. जिल्ह्यांची यादी खुशाल साठवावी, ती क्वचितच बदलते. शिल्लक जागांचा आकडा मात्र दर वेळी कोठारालाच विचारावा. काय साठवायचे, हे शेवटी माणूसच ठरवतो. ठरवताना त्याने खिडकीबाहेरची रांग डोळ्यांपुढे आणावी, एवढेच मला वाटते. त्या दिवशी बाईंनी पुन्हा पाहिले नसते, तर हा लेख लिहायला मी या महाविद्यालयात नसतो.