चाकाचे नट : आवळणी आणि फेरतपासणी

टायर दुरुस्त झाला, नट घट्ट आवळले, की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माहीमला लेडी जमशेटजी मार्गावर पंक्चर काढून कॉजवेवरून वांद्र्यास जाणाऱ्या गाडीपुरती ती खरीही वाटते. एवढ्याशा अंतरात नट सैल पडल्याचे सहसा जाणवत नाही. धोका पुढच्या प्रवासात असतो.

नटांच्या दाबामुळे चाक व हब यांच्यात घर्षण निर्माण होते आणि मुख्यतः त्या घर्षणाच्या बळावर चाक जागी राहते. खाडीच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या हबवर गंज लवकर चढतो. गंजावर, चिखलावर किंवा ताज्या रंगावर चाक बसविले, तर चालत्या गाडीत तो थर चिरडतो, नटांचा ताण उतरतो आणि चाक हलू लागते. पुढे चाकाची भोके झिजून लांबट होतात आणि अखेर बोल्ट तुटतात. यास्तव चाक चढविण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून घ्यावेत. उत्पादकाची सूचना नसेल तर आट्यांना तेल लावू नये; तेलामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट वाजवीपेक्षा अधिक ताणला जातो.

नट प्रथम हाताने फिरवावेत. निमुळते तोंड असल्यास ते चाकाकडे ठेवावे. नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. ओळीने आवळल्यास चाक तिरपे बसते. अखेरची आवळणी जॅक उतरवून, चाक जमिनीस टेकल्यावर करावी.

जोर किती लावावा, याबाबत फार गैरसमज आहेत. लहान मोटारींना साधारणतः १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत असतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी हा जोर सुमारे ३४ किलो वजनाइतका भरतो. त्या टोकावर ६८ किलोचा माणूस उभा राहिला, की जोर दुप्पट झाला! पान्याला पाइप जोडण्याची मर्दुमकी तर त्याहून घातक. मोजमापाचा टॉर्क पाना वापरणे उत्तम. टँकर, बस यांसारख्या जड वाहनांचे आकडे कित्येक पटींनी मोठे असल्याने तेथे अंदाज मुळीच चालत नाही.

यानंतर ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासावेत. माहीमहून निघालेली गाडी लोणावळ्यास पोचेतो एवढे अंतर होते. शाळेची बस, रुग्णवाहिका वा पंचायतीचा टँकर यांच्या लॉगबुकात चाक काढल्याची तारीख व त्या वेळचे किलोमीटर लिहिले, तर चालक बदलला तरी फेरतपासणी राहून जात नाही.