कामाची कदर

'शाबास' हा शब्द तुम्ही उर्दूत बोलता आणि मराठीतही ऐकता. तो मूळचा फारसी. 'शाद बाश' म्हणजे 'आनंदी राहा'. चांगले काम करणाऱ्याला आनंद व्हावा, ही इच्छा या शब्दातच आहे. 'कदर' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. ही कदर कशी करावी?

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लहान-मोठ्या कारखान्यांचे अनेक गाळे आहेत. तेथे कोणी यंत्र चालवतो, कोणी माल खोक्यांत भरते, कोणी गाळा झाडते. तुमच्यापैकी काहींचे अब्बा, अम्मी किंवा भाईजानही अशाच ठिकाणी काम करत असतील. दमणूक सर्वांनाच होते. पण जेथे मालक कामगाराला नावाने ओळखतो, त्याचे म्हणणे ऐकून घेतो, तेथला कामगार दमला तरी उदास होत नाही. दुसऱ्या दिवशी तो मन लावून काम करतो.

कदर झाली नाही, तर काय होते? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतील एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. बढती मिळण्याची त्यांची पाळी आली. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांच्या मनाला हे लागले. त्यांनी नोकरी सोडली. संस्थेने एक हुशार शिक्षक गमावला.

पुढे लक्ष्मणराव स्वतः कारखानदार झाले. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी कारखान्याबरोबर कामगारांसाठी घरेही बांधली. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना कोणी काम देत नसे. लक्ष्मणरावांनी अशा माणसांना कारखान्याच्या रखवालीचे काम दिले. 'तुझ्यावर माझा विश्वास आहे,' हे त्यांनी कृतीतून सांगितले. याहून मोठी शाबासकी कोणती?

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसत्या गोड शब्दांनी कदर होत नाही. पगार वेळेवर द्यावा, असा कायदा आपल्या देशात १९३६ सालीच झाला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळणे, हा कामगाराचा हक्क आहे. यंत्रावर हात कापू नये म्हणून जाळी बसवणे, प्यायला स्वच्छ पाणी ठेवणे, हीसुद्धा कदरच आहे. पगार थकवायचा आणि पाठ थोपटायची, ही कदर नव्हे, फसवणूक आहे. पण पगार दिला म्हणजे सारे झाले, असेही नाही. माणसाला पोटाबरोबर मनही असते.

तुम्ही अजून मालक नाही. पण कदर आजपासून करू शकता. शाळेचे आवार झाडणाऱ्या मावशींचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का? नसेल, तर उद्या आदराने विचारा. त्यांनी झाडलेल्या जागी कागद टाकू नका. उद्या तुमच्या हाताखाली चार माणसे काम करतील, तेव्हा हीच सवय उपयोगी पडेल.

स्वाध्याय
१. लक्ष्मणरावांनी नोकरी का सोडली?
२. 'नुसत्या गोड शब्दांनी कदर होत नाही.' असे लेखक का म्हणतो?
३. मराठी व उर्दू दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.