'भगत' आणि 'भुताळी' : दोन शब्दांचा अभ्यास

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. परंतु तालुक्यातील वारली पाड्यांवर 'भगत' व 'भुताळी' हे शब्दही परिचित आहेत. आजार हटेनासा झाला की भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि कधी एखाद्या एकाकी स्त्रीला भुताळी ठरवतो. मंत्रविद्या दोघांशीही जोडलेली. मात्र त्याची ती उपचार, तिची ती करणी. 'द आउल हाउस' या चित्रमालिकेतील चेटूकद्वेष्टा सम्राट बेलोसदेखील कोणती जादू निषिद्ध हे स्वतःच ठरवतो. 'भगत' ही ओळख मिरवता येते. 'भुताळी' ही दुसऱ्यानेच लादलेली असते. असा ठपका ठेवून छळणाऱ्यास राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

स्वाध्याय : आपल्या बोलीत 'भुताळी'साठी कोणता शब्द आहे? तो कोण, कोणाविषयी वापरतो?