थांबलेली गाडी थांबूनच राहावी : स्ट्रट बार आणि हॅण्डब्रेक यांची ओळख

मोटार विकत घेताना तिचा रंग, आसने, मायलेज आणि कर्जाचा मासिक हप्ता यांची चर्चा घरात दिवसेंदिवस चालते. गाडी दारात आली की तिला सजवण्याची हौस सुरू होते. बॉनेट उघडताच चमकणारा रंगीत स्ट्रट बार हा या हौसेचाच एक भाग. त्याच गाडीत दोन आसनांच्या मध्ये एक साधा दांडा असतो, तो हॅण्डब्रेकचा. त्याची आठवण सहसा तो बिघडल्यावरच होते. या दोन्ही भागांचे कार्य नीट समजून घेतले, तर गाडीवर होणारा खर्च आधी कोठे व्हावा, हे ठरवणे सोपे जाते.

स्ट्रट बार म्हणजे काय?

आजच्या बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात विकसित केली आणि १९५०च्या दशकाच्या प्रारंभी फोर्ड कंपनीच्या इंग्लंडमधील कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून ती प्रसिद्धीस आली. भारतात १९८३ साली अवतरलेल्या मारुती ८०० या गाडीनेही हीच रचना स्वीकारली होती. हिच्यात स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात सामावलेले असतात. या खांबाचे खालचे टोक चाकाशी जोडलेले असते, तर वरचे टोक बॉनेटखाली, गाडीच्या सांगाड्यातील घुमटासारख्या उंचवट्यात बसवलेले असते.

गाडी वेगाने वळण घेते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकावर मोठा भार येतो. तो खांबातून वर चढतो आणि ते दोन उंचवटे अगदी किंचित, डोळ्यांना न दिसण्याइतके हलतात. त्यामुळे चाकांचा कोनही थोडासा बदलतो. स्ट्रट बार हा या दोन उंचवट्यांना जोडणारा आडवा दांडा होय. दोहोंमधील अंतर कायम राखणे, एवढेच त्याचे काम. पुष्कळांची समजूत असते की, वळणावर गाडीचे कलणे या दांड्यामुळे कमी होते. पण ते काम खालच्या बाजूस असणाऱ्या अँटिरोल बारचे आहे.

शर्यतीच्या वेगवान गाडीत किंवा मूळचा सांगाडा लवचीक असलेल्या जुन्या गाडीत स्ट्रट बारचा उपयोग जाणवतो. काही वेगवान गाड्यांना उत्पादक स्वतःच तो बसवून देतात. मात्र शहरातील रहदारीत किंवा महामार्गावर संयमाने चालणाऱ्या कौटुंबिक गाडीत त्याचा लाभ नगण्य असतो. टोकांशी बिजागरीसारखे सांधे असलेले स्वस्त दांडे तर शोभेपुरतेच ठरतात. शिवाय एका बाजूने धडक बसली तर तिचा आघात या दांड्यातून दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचू शकतो आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खड्ड्यांतून जाताना येणारा ‘खडखड’ आवाज, टायरची असमान झीज, गाडीचे एका बाजूस ओढले जाणे, या तक्रारींवर स्ट्रट बार हा उपाय नव्हे. खांबाच्या वरच्या टोकाचे रबरी बैठकीचे भाग, बुश आणि चाकांचे अलाइनमेंट तपासणे, हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

हॅण्डब्रेकचे स्वतंत्र अस्तित्व

पायाने दाबायचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. धावती गाडी थांबवणे हे त्याचे काम. थांबलेली गाडी थांबूनच ठेवणे हे हॅण्डब्रेकचे. म्हणूनच त्याची यंत्रणा वेगळी असते. दांडा ओढला की पोलादी तार ताणली जाते आणि बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांचे ब्रेक घट्ट आवळले जातात. दांड्याच्या मुळाशी असलेल्या दातेरी पट्टीत अडसर अडकतो, म्हणून हात काढला तरी ताण टिकून राहतो. ओढताना येणारा ‘कटकट’ आवाज त्याचाच. तेल गळून पायब्रेक निकामी झाला, तरी ही तार आपले काम करू शकते. अलीकडच्या अनेक गाड्यांत दांड्याऐवजी बटण असते आणि विजेची छोटी मोटर हे काम करते. तत्त्व मात्र तेच.

उतार किती फसवा असतो, हे साध्या हिशेबाने कळते. दहा मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या १,००० किलो वजनाच्या गाडीला सुमारे १०० किलो वजनाइतका जोर सतत खाली खेचत असतो. ब्रेक सुटला तर अवघ्या पाच सेकंदांत ती सुमारे ताशी १५ किलोमीटर वेग गाठते. एवढ्या वेळात बाहेर उभा असलेला चालक दार उघडून आत शिरू शकत नाही, आणि आत एकटे मूल बसलेले असेल तर ते काहीच करू शकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ मध्येही याची दखल घेतलेली आहे. चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याखेरीज किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य व्यवस्था केल्याखेरीज, ती सार्वजनिक ठिकाणी उभी ठेवता येत नाही.

गाडी उभी करण्याची रीत

उतारावर केवळ हॅण्डब्रेकवर विसंबू नये. पायब्रेक दाबून धरावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणावी, हॅण्डब्रेक पूर्ण ओढावा आणि पाय हळूहळू उचलून ब्रेक भार पेलतो की नाही, हे पाहावे. त्यानंतर पायब्रेक पुन्हा दाबून इंजिन बंद करावे आणि, गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत याच क्रमाने, पण इंजिन बंद करण्यापूर्वी, ‘पी’ निवडावा. तसे केल्याने सारा भार गिअरबॉक्समधील लहानशा अडसरावर पडत नाही.

डाव्या हाताला पदपथाची कड असेल, तर उताराकडे तोंड असताना पुढची चाके डावीकडे आणि चढाकडे तोंड असताना उजवीकडे वळवून ठेवावीत. गाडी घसरलीच तर चाक कडेला अडते. घाटात अशी कड नसल्यास गाडी दरीकडे न जाता डोंगराकडे वळेल, अशी चाके ठेवावीत आणि चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा.

घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात. मागे डिस्क ब्रेक असल्यास ते थंड होताना आकुंचन पावतात आणि पकड सैल होऊ शकते. म्हणून काही मिनिटांनी दांडा पुन्हा ओढून घ्यावा. याउलट पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल, तर ओलसर ब्रेक गंजून चिकटू शकतात. अशा वेळी गाडी सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकांना ठोकळे लावून ठेवणे बरे. सिमला-मनालीकडच्या कडक थंडीत ओले ब्रेक गोठण्याचा धोका असतो, तेथेही हीच काळजी घ्यावी.

धावत्या गाडीचा पायब्रेक निकामी झाल्यास गिअर क्रमाक्रमाने खाली आणावेत आणि दांड्यावरचे बटण दाबून धरून हॅण्डब्रेक थोडा थोडा ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके जखडून गाडी घसरते. बटणाच्या ब्रेकची रीत निराळी असते. ती गाडीच्या पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावी.

आधी काय, नंतर काय?

वापराने तार सैल होते. दांडा पूर्वीपेक्षा अधिक वर येऊ लागला की, तो किती ‘कटकट’ झाल्यावर घट्ट व्हावा, हे पुस्तिकेत पाहून तार जुळवून घ्यावी. हे काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्येच होते. स्ट्रट बार बसवायचाच असेल, तर तो त्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा, कुशल कारागिराकडून बसवून घ्यावा आणि गाडीतील बदलाची लेखी माहिती विमा कंपनीस द्यावी. कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते, म्हणूनही हे पथ्य महत्त्वाचे.

हौसेला मोल असते हे खरे. परंतु हॅण्डब्रेक, टायर आणि अलाइनमेंट यांची तपासणी झाल्यावरच तिची पाळी यावी.