पाळणाघर कंपनीचे, ताई कंत्राटदाराच्या

प्रश्न : कंपनी पाळणाघर कंत्राटदाराकडून चालवणार आहे. युनियनने करारात काय लिहून घ्यावे?
– एक वाचक, चाकण

उत्तर : पाळणाघर ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते बंधनकारक आहे. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाता येते, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही आहे.

मात्र, कायदा जिथे मोघम आहे तिथे करार नेमका हवा. पाळणाघर रात्रपाळीला उघडे राहील का? बाळाला पाजून यायला लागलेल्या वेळेचा पगार कापणार का? कंत्राट बदलले की मुले सांभाळणाऱ्या ताईही बदलणार का?

शेवटचा प्रश्न बहुतेक करारांत राहून जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ताई सारख्या बदलल्या की मूल रुळत नाही, आईचे लक्ष मशीनवर लागत नाही. म्हणून ताईंचे प्रशिक्षण, किमान वेतन, पीएफ, भरपगारी रजा आणि नव्या कंत्राटातही त्यांनाच प्राधान्य, हे कलमवार लिहून घ्या. कंत्राटदाराने पगार थकवला, तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे वाक्यही करारात असू द्या, आणि सही करण्यापूर्वी मसुदा त्या ताईंना वाचून दाखवा.