शुभार्थींना नोकरीला लावताना

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारातून सावरणारे तुमचे शुभार्थी (म्हणजे उपचार घेणारी व्यक्ती) म्हणाले, "मला काम करायचंय." झकास! तुम्ही घरचे शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे असा की वस्तीतले कार्यकर्ते, एक वही घ्या आणि त्यांच्या शेजारी बसा.

1. कोणतं काम आवडेल ते विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. "आधी पूर्ण बरे व्हा, मग बघू" असं म्हणू नका. काम करावंसं वाटतंय, एवढी तयारी सुरुवातीला पुरते.

2. आठवडाभर दोघं मिळून दिनक्रम लिहा: झोप किती, गोळी कधी, सकाळची झापड किती वाजता उतरते, हात थरथरतात का, सलग किती वेळ बसवतं. त्यांच्या नकळत लिहाल, तर ती पाळत होईल आणि विश्वास जाईल.

3. ती वही डॉक्टरांना दाखवा. झापड उशिरापर्यंत राहत असेल, तर रात्रीची गोळी थोडी लवकर चालेल का, ते विचारा. आपल्या मनाने गोळी मागेपुढे करायची नाही. बंद तर मुळीच नाही.

4. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज भरा. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं, तर सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व अशा गटांसाठी मिळून आहे. तपासणीच्या वेळी संकोचाने "तसं सगळं ठीक आहे" म्हणू नका; जे जमत नाही तेही सांगा. आणि कार्डाची वाट बघत थांबू नका, पुढची पायरी लगेच घ्या.

5. आवड आणि दिनक्रम शेजारी ठेवून तीन कामं निवडा. हात थरथरत असतील, तर बारीक शिवणकामापेक्षा दुकानात माल लावणं बरं. झापड नऊपर्यंत राहत असेल, तर दुपारची पाळी बघा. लिथियमची गोळी सुरू असेल, तर भट्टीजवळचं, घाम काढणारं काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रात्रपाळी शक्यतो टाळाच. झोप मोडली की आजार डोकं वर काढतो.

6. मालकाला किती सांगायचं ते शुभार्थींना ठरवू द्या. आजाराचं नाव सांगायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा. तुम्ही परस्पर बोललात, तर पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल.

7. मालकाला भेटा आणि गरज नेमकी सांगा. वाक्य घरी म्हणून बघा: "उपचार सुरू आहेत. अकरानंतरची वेळ आणि महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी सुट्टी मिळाली, तर काम नीट होईल." क्लोझापाइनची गोळी घेणाऱ्यांना रक्ततपासणीसाठी जावं लागतं, म्हणून ही सुट्टी आधीच मागा. दयेची भाषा नको. दयेने दिलेलं काम पहिल्या चुकीला जातं.

8. पगार आणि तास लिहून घ्या. "आधी शिकू दे, पैशांचं नंतर बघू" म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करा आणि पुढचं दार ठोठावा.

9. रुजू होण्याआधी, कामाच्याच वेळेला, एकदा सोबत जाऊन या. बस कुठे मिळते, डबा कुठे खायचा, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, सगळं बघा. ही पायरी गाळू नका. पहिल्या दिवशी अनेकांचं धैर्य कामापेक्षा गर्दीत जास्त खचतं.

10. कमी तासांनी सुरुवात करा आणि जमेल तसे वाढवा. पहिल्याच आठवड्यात जादा काम स्वीकारलं, तर दमणूक लगेच झोपेवर येते.

11. पगार शुभार्थींच्याच खात्यात जमा करायला सांगा. घरखर्चात परस्पर वळवू नका, कमाई त्यांच्या हाती लागू द्या.

12. दर आठवड्याला निवांत बसून विचारपूस करा. नोकरी लागली म्हणून साथ सोडू नका. नोकरी सुटते ती बहुधा इथेच. झोप उडाली, चिडचिड वाढली, गोळ्या शिल्लक राहू लागल्या, की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मध्येच नोकरी सुटली तर वही उघडा, काय जमलं ते लिहा आणि पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.