शेजाऱ्याचें झाड आणि कायदा

उभें झाड चोरतां येतें काय? प्रश्न ऐकण्यास चमत्कारिक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरांतच, शेजाऱ्याचें झाड विनापरवानगी तोडणाराच्या माथीं काय येतें, याचें बहुतेक मर्म सांठविलेलें आहे.

चोरी ही जंगम वस्तूचीच होऊं शकते. भांडें उचलून नेतां येतें, बैल हांकून नेतां येतो. जमीन नेतां येत नाहीं, म्हणून जमिनीची चोरी नाहीं. जोंवर झाडाचीं मुळें भूमींत आहेत तोंवर तेंहि जमिनीस जडलेलें, म्हणून चोरीस अपात्र. मग तोडणारा चोर कोणत्या क्षणीं होतो? मेकॉले साहेबांच्या मंडळानें १८३७ सालीं जिचा मसुदा केला व जी १८६० सालीं संमत झाली, त्या दंडसंहितेनें याचें उत्तर उदाहरण देऊन सांगितलें. आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि तें कायम ठेविलें आहे. 'क्ष'च्या जमिनींतील झाड त्याच्या संमतीवांचून आपणांस मिळावें, अशा अप्रामाणिक हेतूनें 'अ' तें तोडतो. झाड भुईपासून सुटलें कीं त्याच क्षणीं 'अ'ची चोरी पुरी झाली. लांकूड गाडीवर चढवावयाचें राहिलें, घरीं न्यावयाचें राहिलें, तरी बचाव नाहीं. कारण ज्या घावानें झाड जमिनीपासून अलग होतें त्याच घावानें तें जागचें हलतेंहि. स्थावर जंगम होणें आणि जंगमाची चोरी होणें, हीं दोन्हीं एकाच क्रियेनें घडतात. कुंपणापलीकडची कैरी तोडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें तत्त्व विशेष लक्षांत घ्यावें. देठ तुटण्यापूर्वीं तीहि जमिनीसच जडलेली असते.

चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, अगर दंड, अगर दोन्ही शिक्षा आहेत. माल पांच हजार रुपयांहून कमी किंमतीचा, अपराध पहिलाच, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर समाजसेवेची शिक्षा होते. जुना आंबा किंवा फणस मात्र या सवलतींत क्वचितच बसेल.

पण पुष्कळदां तोडणारास लांकूड नकोच असतें. पाचोळा अंगणांत पडतो, सावलीखालीं भात धरत नाहीं, अथवा केवळ जुनें वैर आहे, म्हणून कुऱ्हाड चालते. आणि झाड पडल्या जागीं सोडून दिलें म्हणजे आपण सुटलों, अशी अनेकांची समजूत असते. ती खोटी आहे. दुसऱ्याचें गैरवाजवी नुकसान व्हावें अशा हेतूनें, किंवा तें होणें संभवनीय आहे हें जाणून, त्याच्या मालमत्तेचा नाश करणें यास कायद्यांत 'आगळीक' म्हणतात. तिला साधारणतः सहा महिन्यांपर्यंत कैद आहे; नुकसान वीस हजार रुपये किंवा अधिक, पण लाखाच्या आंत असल्यास दोन वर्षांपर्यंत, आणि लाख रुपये किंवा त्याहून अधिक झाल्यास पांच वर्षांपर्यंत. कैदेऐवजीं किंवा कैदेसह दंडहि होऊं शकतो. अपराध करण्याच्या हेतूनें परक्याच्या आवारांत शिरणें हा आणखी निराळा अपराध होय.

खरी अडचण येते ती बांधावरील झाडाविषयीं. 'अ' प्रामाणिकपणें मानतो कीं झाड आपल्या हद्दींत आहे. आणि तोडल्यावर तें 'क्ष'चें ठरतें. येथें अप्रामाणिक हेतु नसल्यामुळें चोरी ठरत नाहीं. मात्र समजूत खरोखरीच प्रामाणिक पाहिजे. पूर्वींच मोजणी होऊन हद्दीचे दगड बसले असतील, किंवा शेजाऱ्यानें हरकत घेतली असतां रात्रींत झाड पाडलें असेल, तर अशा समजुतीवर कोण विश्वास ठेवील? भूमि अभिलेख खात्याकडून आधीं मोजणी करून घेणें हाच मार्ग. बायबलांतील अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायांत शेजाऱ्याची मेर सरकवूं नये अशी आज्ञा आहे, आणि लगेच पुढच्या अध्यायांत वेढा घातलेल्या शत्रुनगराचींहि फळझाडें तोडण्यास मनाई आहे. हीं दोन वचनें इतकीं जवळ असावींत याचें शेतकऱ्यास नवल वाटणार नाहीं.

आपल्या अंगणावर आलेल्या फांद्यांचें काय? इंग्रजी कायद्यांत लेमन विरुद्ध वेब या खटल्यापासून असें ठरलें आहे कीं, आपल्याच जमिनींत उभें राहून, हद्दीपलीकडे पाऊल न टाकतां, त्या हद्दीपर्यंत छाटतां येतात. परंतु छाटलेली फांदी व तिच्यावरील फळें झाडाच्या मालकाचींच राहतात. आणि बुंध्यास हात लावण्याचा अधिकार यांतून मुळींच निघत नाहीं. झाड पडून कोणास इजा होण्याचा संभव असल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तसें झाड काढविण्याचा हुकूम देण्याची सत्ता कायद्यानें त्यास दिलेली आहे.

शेजारी राजी झाला तरी सर्व कांहीं झालें असें नाहीं. महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानें आंबा, फणस, साग, चिंच इत्यादि ठराविक जातींचीं झाडें, आणि १९७५ च्या कायद्यानें नागरी क्षेत्रांतील झाडें, मालकासहि परवानगीवांचून तोडतां येत नाहींत.

फौजदारी शिक्षेनें मालकाच्या पदरीं झाड पडत नाहीं. भरपाईसाठीं दिवाणी दावा निराळा, आणि जमिनीवरील अतिक्रमणाच्या भरपाईची मुदत तीन वर्षांची. दाव्यांत केवळ लांकडाची किंमत मागून थांबूं नये. फळझाड असल्यास दरसालचें उत्पन्न काय होतें याचे हिशेब व साक्षी पुढें आणाव्यात. पुराव्यांत पहिला मान खुंटाचा. त्याची जागा व घेर यांचा पंचनामा होऊन छायाचित्र निघेपर्यंत, तो कितीहि डोळ्यांत खुपला तरी, मालकानें उपटूं नये.